रिकाम्या टोपलीची म्हातारी

त्या दिवशी आभाळ भलतंच खाली आलं होतं. पाऊस थांबलेला, पण ऊन काही पडलेलं नाही. वारा नाही. पान हलत नाही. कौलावरून एक थेंब पडायचा, टप्प. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टप्प. भादव्यातला दिवस असा कोंदट असला ना, की गुरंसुद्धा गोठ्यात रवंथ करायची थांबतात आणि कान टवकारून उभी राहतात. कशाची चाहूल घेतात, ते त्यांनाच ठाऊक.

तर अशा त्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, भिवा आपल्या परसात मांडवाखाली उभा होता.

भिवा कोण म्हणाल, तर डोंगराच्या पायथ्याशी राहणारा एक साधा माणूस. त्याची बायको सगुणा. आणि त्यांची एक पोर, धोंडी. धोंडी म्हणजे दगड, बरं का. आता एवढ्या गोड पोरीला दगड का म्हणायचं? तर तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातूनच गेली होती. म्हणून हिचं नाव धोंडी. ऐकणाऱ्याला वाटावं, दगडच तर आहे, त्याला काय दृष्ट लावायची!

त्या गावाची रीतच तशी होती. चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही. गाय दोन्ही वेळा भांडं भरून दूध देत असली, तरी म्हणायचं, "आटली हो." भात भरून आलं, तरी म्हणायचं, "पोचट आहे नुसतं." विचारणाऱ्याला ते खरं वाटायचं नाही, पण तोही तसंच बोलायचा. लबाडी नव्हती त्यात. भीती होती. भीतीनं सगळ्या गावाची जीभ 'नाही' म्हणायला सरावली होती.

पण भिवाचं परस पाहाल तर! सगुणानं मिरगाला आळी करून बी टोकलं होतं. भिवानं बांबूचा मांडव घातला होता. आता त्या मांडवाखाली काकड्या लोंबत होत्या, दोडकी लोंबत होती. पडवळं तर अशी लांब, की धोंडी खाली उभी राहिली तर तिच्या डोक्याला टेकत. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं लहानसा दगड बांधतात. तसे दगड भिवानं बांधले होते. धोंडी त्या दगडांना हळूच झोके द्यायची आणि खुदुखुदु हसायची.

भिवा ते बघत होता. पोट भरल्यासारखं वाटत होतं त्याला.

तेवढ्यात कुंपणाशी कोणीतरी उभं राहिलं.

एक म्हातारी होती. मातीच्या रंगाचं लुगडं. पदर असा पुढे ओढलेला, की तोंड दिसत नव्हतं. कडेवर वेताची टोपली. टोपली रिकामी, बरं का. पण म्हातारी अशी वाकून उभी होती, जशी त्या टोपलीत पाटे-वरवंटे भरलेत. भिवाचं कुत्रं एरवी पानाच्या सावलीवरही भुंकायचं. ते शेपूट पोटाशी घेऊन गोठ्यात गेलं.

"भिवा बाबा," म्हातारी म्हणाली. आवाज मधासारखा. "काकड्या-पडवळं लागली का रे?"

भिवानं काही विचारच केला नाही. जिभेला सवय होती ना! तो म्हणाला, "कुठलं गं आजी? पाला आहे नुसता."

म्हातारीनं टोपली कडेवर सावरली. मग म्हणाली, "पाला? बरं. तू म्हणतोस तसं."

आणि गेली.

सकाळी सगुणा काकडी काढायला परसात गेली आणि तिथूनच ओरडली. भिवा धावला. बघतो तर मांडवावर पाला. नुसता पाला. हिरवागार, दाट, आणि त्याखाली काही नाही. कोणी तोडलं असतं तर देठ दिसले असते. चीक दिसला असता. तसं काही नव्हतं. पडवळांच्या सुतळ्या मात्र होत्या. टोकाला बांधलेले दगडही होते. ते वर कशालाच न बांधलेले, तसेच हवेत लोंबत होते. धोंडीनं एकाला बोट लावलं, तसे ते सगळे एकदम खाली पडले.

"माकडं आली असतील," सगुणा म्हणाली.

"असतील," भिवा म्हणाला. पण माकडं काही चोरासारखी गुपचूप येत नाहीत. त्यालाही ते ठाऊक होतं.

घाबरलात? जवळ सरका. पांघरूण ओढून घ्या. हां, आता ऐका.

पावसाळा सरला. थंडी आली. पहाटे परसात दहिवर पडायला लागलं. भिवानं जुना मांडव काढला, जमीन खणली, शेणखत घातलं. सगुणानं वांग्याची रोपं लावली. माणसानं एक बाग गेली म्हणून दुसरी लावायची नाही का? लावायचीच. दोघांनी ती रोपं पोटच्या पोरासारखी जपली. आणि पौषात वांगी आली. जांभळी, काटेरी, अशी चकचकीत की धोंडी त्यात आपलं तोंड बघायची आणि वाकुल्या दाखवायची.

एके दिवशी तिन्हीसांजेला गुरं पुन्हा गप्प झाली. कुत्रं पुन्हा गोठ्यात शिरलं.

"भिवा बाबा, वांगी धरली का रे?"

तीच ती. भिवाच्या अंगावर काटा आला. पण तोंडातून शब्द निघून गेला होता. "कुठलं गं आजी! अळी पडली सगळ्यांत."

"अळी? बरं. तू म्हणतोस तसं."

या खेपेला भिवा कंदील घेऊन कुंपणाशी गेला. तिथे ओली माती होती. नुकतंच तिथे सांडपाणी सोडलेलं. त्या मातीवर पाऊल उमटलं नव्हतं. मुंगीचंसुद्धा नाही.

सकाळी वांगी झाडावर तशीच होती. तशीच चकचकीत. भिवानं सुस्कारा सोडला. सगुणानं एक काढलं, विळीवर धरलं, चिरलं. आणि विळी सोडून मागे सरली. आत वांगं नव्हतंच. आत सगळी अळी, एकात एक, वळवळणारी. दुसरं चिरलं, तेच. तिसरं तर हातात घेतल्या घेतल्या हललं.

तेव्हा भिवा चुलीपुढे बसून राहिला. तो हळू विचार करणारा माणूस होता. हळू, पण सोडणारा नाही. बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं. पाला म्हटलं, पाला झाला. अळी म्हटलं, अळी झाली. आपण जे नाही म्हणतो, ते ती घेऊन जाते. म्हणून तिची टोपली रिकामी दिसते आणि तरी जड असते.

"सगुणे," तो म्हणाला, "ती पुन्हा आली तर काहीएक बोलायचं नाही."

बोलला, पण उशीर झाला होता. कारण पुढच्या खेपेला ती परसात आलीच नाही. ती पुढच्या दारी आली.

शिमगा होऊन गेला होता. भिवा रानात लाकडं आणायला गेलेला. ऊन उतरलं होतं. सगुणा ओटीवर बसून धोंडीची वेणी घालत होती. पाठीमागून मधासारखा आवाज आला, "पोरगी कशी आहे गं बाई?"

आता, त्या गावातल्या आईला कोणी असं अचानक विचारलं, की तिला आधी दृष्टच आठवायची. त्यातून सगुणाची दोन गेलेली. तिनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पोरीला पदराखाली ओढलं आणि घाईघाईनं बोलून गेली, "कुठली हो धड! काडी आहे नुसती. हा उन्हाळा काढील तर खरं."

मागून आवाज आला, "काडी? उन्हाळा? बरं. तू म्हणतेस तसं."

सगुणानं वळून पाहिलं. ओटीसमोर कोणी नव्हतं.

भिवा घरी आला तेव्हा ती खांबाला धरून बसली होती. तिनं सगळं सांगितलं. भिवानं धोंडीचा हात हातात घेतला. पोरीच्या मनगटात काचेच्या बांगड्या घट्ट बसायच्या, साबण लावून चढवाव्या लागायच्या. त्या आता घरंगळून जमिनीवर आल्या. एक फुटली. धोंडी फुटलेल्या बांगडीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला झोप येते."

मग काय झालं? मग रोज ती पोर थोडी थोडी कमी होत गेली. दूध दिलं, तूप दिलं, काढा दिला. वैद्य आला, नाडी बघून मान हलवून गेला. हसणं गेलं, मग चालणं गेलं. उचलली तर हातात काही आहे असं वाटायचं नाही.

सगुणा रडायची. "मीच म्हटलं, मीच म्हटलं," एवढंच म्हणत राहायची.

भिवा म्हणाला, "रडू नको. म्हटलं तसं झालं. आता उलटं म्हणू. पण तिनं विचारायला तर हवं! तिनं पुन्हा विचारलं, तरच उत्तर देता येईल."

"मग बोलाव तिला."

"बोलावून येणारी नाही ती. भरल्या वेलापाशी येते. आपलं परस बघ कसं झालंय. इथे काय विचारायला येईल?"

खरंच होतं. चैत्राचं ऊन. परसातली माती फुटलेली. विहिरीनं तळ दाखवलेला. अशा दिवसांत कोणी बाग लावत नाही. पण भिवानं लावली. एकच वेल. राखेत ठेवलेलं दुधीचं बी काढलं, आळं केलं, टोकलं. डोंगराच्या कुशीत एक झरा होता, तिथून कावडीनं पाणी आणलं. तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात, भांडी विसळलेलं पाणी आळ्यात. वर नारळाच्या झावळ्यांची सावली केली. त्याच सावलीत धोंडीची गोधडी घातली. इकडे वेल वाढायचा, इकडे पोर सुकायची. भिवा मधे बसून दोघांवर पंखा हलवायचा.

वेलाला फुलं आली. दुधीचं फूल पांढरं, आणि ते संध्याकाळी उमलतं, बरं का. पण पहिली फुलं वांझ, तशीच गळाली. मग एका फुलाच्या पाठीशी इवलासा दुधी दिसला. तो पिवळा पडला. दुसरा दिसला, तो उन्हानं करपला. तिसरा दिसला तेव्हा सगुणानं देवाचं नावसुद्धा मोठ्यानं घेतलं नाही. तो राहिला. बोटाएवढा झाला, वितीएवढा झाला.

कुंपणापलीकडे केरूदादाचं घर होतं. केरूदादा म्हणजे भिवाचा शेजारी. मोठ्या आवाजाचा, पण भित्रा. तो एकदा कुंपणावरून डोकावला.

"काय रे भिवा, एवढं पाणी वाहतोस. लागलं का काही?"

भिवाच्या जिभेवर आलंच होतं, कुठलं रे दादा. त्यानं जीभ चावली. रक्ताची चव आली तोंडात. मग म्हणाला, "लागलंय दादा. दुधी लागलाय. चांगला वितीएवढा आहे."

केरूदादानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "अरे हळू! हळू बोल, मेल्या! असं कोणी सांगतं का? वेड लागलं का तुला?" आणि तो घरात गेला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.

भिवा रात्रभर जागा राहिला. वाटलं, आपण घोडचूक केली. आता दृष्ट लागणार, दुधी जाणार, आणि पोरही जाणार. पहाटे हात लावून बघितला. दुधी होता. गार, लवदार, आणि कालच्यापेक्षा जरा मोठाच.

मग उन्हाळ्याचे शेवटचे दिवस आले. धोंडी आता डोळे उघडत नव्हती. श्वास चालतोय का, ते बघायला सगुणा तिच्या नाकाशी कापसाचा पुंजका धरायची. पश्चिमेला ढग जमायला लागले. गावातले लोक म्हणत, आज येतो की उद्या येतो. पाऊस यावा म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते. एक सगुणा मात्र हात जोडून म्हणत होती, आज नको. आज येऊ नको रे पावसा. उन्हाळा संपवू नको.

एका संध्याकाळी वारा पडला. कावळे एकदम गप्प झाले. कुत्रं गोठ्यात शिरलं.

म्हातारी कुंपणाशी थांबली नाही या खेपेला. आत आली. वेलापाशी आली. टोपलीच्या ओझ्यानं तिचं नाक गुडघ्याला लागत होतं.

"भिवा बाबा, दुधी लागला का रे?"

भिवा म्हणाला, "लागला."

म्हातारी हलली नाही. जसं तिला हे उत्तर कधी कोणी दिलंच नव्हतं. "केवढा?"

"माझ्या हाताएवढा. कोवळा आहे. तुला हवा तर घेऊन जा." आणि भिवानं कोयत्यानं दुधी कापला आणि दोन्ही हातांनी तिच्या टोपलीत ठेवला.

तर काय नवल! दुधी टोपलीच्या बुडातून आरपार गेला आणि धप्पकन खाली पडला. म्हातारी वाकली, उचलायला गेली. तिची बोटं दुधीतून धुरासारखी निघून गेली. पुन्हा गेली, पुन्हा निघाली. आहे म्हणून दिलेलं तिला उचलता येईना.

मग ती सावकाश वळली. आणि सगुणाच्या मांडीवर पोर होती, तिकडे गेली. तिनं पदर जरा वर केला. पदराखाली तोंड नव्हतं. रिकाम्या विहिरीत डोकावल्यावर दिसतो ना, तसा अंधार होता. त्या अंधारातून मधासारखा आवाज आला, "आणि ही? ही कशी आहे गं?"

सगुणानं पोरीला घट्ट धरलं. खोटं बोलावं, धडधाकट आहे म्हणावं, तर मांडीवर काडी. जन्मात तिनं आपल्या लेकराला कोणापुढे चांगलं म्हटलं नव्हतं. शब्दच सापडेनात. मग ते एक एक करून आले.

"माझी आहे," ती म्हणाली. "काडी झालीय, पण आहे. हसली की डाव्या गालाला खळी पडते तिच्या. गोड आहे गं. फार गोड आहे. मला ती हवी आहे."

"आज आहे," म्हातारी म्हणाली. "उद्या?"

"उद्याही आहे."

"आणि पाऊस पडल्यावर?"

"पाऊस पडल्यावर भिजेल! चिखलात लोळेल, सगळे कपडे घाण करील, आणि मी तिला रागावेन. आहे! आहे म्हणते ना!"

म्हातारीनं हात लांब केला. तो हात धोंडीच्या कपाळापर्यंत आला. सगुणानं डोळे मिटले नाहीत. हात कपाळातून आरपार गेला, जमिनीत गेला, आणि रिकामाच वर आला. पुन्हा म्हातारी वाकली. पुन्हा रिकामाच.

तेव्हा तिच्या टोपलीतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला. मोट सोडल्यावर पाणी सुटतं ना, तसा. टोपली हलकी झाली. म्हातारी सरळ उभी राहिली. ती इतकी उंच होती हे कोणाला ठाऊकच नव्हतं. वारा सुटला, झावळ्या उडाल्या, धूळ डोळ्यांत गेली. डोळे चोळून बघतात तर कोणी नाही.

आणि मग पाऊस आला. मोठा थेंब धोंडीच्या नाकावर पडला. धोंडीनं नाक पुसलं. डोळे उघडले. म्हणाली, "आई, भूक लागली."

त्या रात्री त्या घरात दुधीची भाजी झाली. चांगली झाली होती.

मग पोर हळूहळू भरली. एका दिवसात काही भरत नाही कोणी, वेलालाही वेळ लागतो. आधी बसायला लागली, मग भिंतीला धरून चालायला लागली. भिवानं पुन्हा मांडव घातला. सगुणानं पुन्हा बी टोकलं. पाऊस झाला, थंडी झाली, ऊन झालं. ती म्हातारी काही त्या वाटेनं परत आली नाही. आली तरी आता तिला काय मिळणार होतं? भिवा, सगुणा आणि त्यांची पोर सुखानं राहिली.

चला. ज्यांचे डोळे अजून उघडे असतील, त्यांनी मिटून घ्या. कुशीवर वळा. शेवटचं एवढंच सांगतो, मग दिवा बारीक करतो.

पुढच्या श्रावणात, एका सकाळी भिवा परसात माती सारखी करत होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून केरूदादाची हाक आली, मोठ्यानं, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी:

"अरे भिवा! तुझी पोर बघ माझ्या पेरूवर चढून बसलीय. खाली उतरव तिला आधी, माझी फांदी मोडायला आलीय!"